कंट्रोलमधील पेशीही लाल दिसतात : बुरशीरोधक औषधांच्या सूक्ष्मदर्शकीय चित्रणातील दोष कसा शोधावा

कॅन्डिडा अल्बिकान्स किंवा सॅकरोमायसिस यांसारख्या यीस्टवर बुरशीरोधक औषध सोडून प्रोपिडियम आयोडाइड या लाल रंजकाच्या साहाय्याने टाइमलॅप्स चित्रण करणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. औषध दिलेल्या पेशी अपेक्षेप्रमाणे लाल होतात, पण औषध न दिलेल्या कंट्रोलमधील पेशीही तासाभरात जवळपास तितक्याच लाल झालेल्या असतात. रंजकाची नवी बाटली उघडली, औषधाची मात्रा कमी-जास्त केली, कल्चर पुन्हा वाढवले, तरी चित्र तेच राहते. मग पुष्कळदा कंट्रोलचा आकडा औषधाच्या आकड्यातून वजा करून काम पुढे रेटले जाते. ही वजाबाकी चुकीची आहे, कारण दोन इजा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात; औषधाने पेशीपटल (पेशीला वेढणारा पातळ पडदा) आधीच कमकुवत झालेली पेशी प्रकाशाला किंवा द्रावकाला निरोगी पेशीपेक्षा फार लवकर बळी पडते, आणि म्हणून कंट्रोलमध्ये दिसणारी हानी औषधाच्या बाजूला तितकीच असेल असे धरता येत नाही.

स्लाइडवर औषधाखेरीज बुरशीला इजा करणाऱ्या आणखी किमान चार गोष्टी असतात : प्रकाश, पेशी काचेला धरून ठेवणारा लेप, औषधाचे द्रावक आणि खुद्द रंजक. यांपैकी दोषी कोण, हे लाल पेशींच्या टक्केवारीवरून कधीच कळत नाही. लाल रंग कुठे आणि केव्हा उमटतो यावरून मात्र बहुतेक वेळा कळते. त्यामुळे प्रयोग पुन्हा करण्याआधी हातात असलेली चित्रफीत नीट पाहावी, असा माझा आग्रह असतो.

लाल म्हणजे नेमके काय

प्रोपिडियम आयोडाइड अखंड पेशीपटलातून आत जात नाही. पटल फाटले की ते आत शिरून डीएनए आणि आरएनए यांना चिकटते, त्याची प्रतिदीप्ती २० ते ३० पट वाढते, आणि सुमारे ५३५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित केल्यास ते सुमारे ६१७ नॅनोमीटरला उजळते. म्हणजे लाल पेशी ही ‘पटल खुले झालेली पेशी’ असते. ती मेलीच आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. ताणाखाली आलेल्या यीस्टचे पटल काही काळ गळके होऊन पुन्हा सावरू शकते, आणि रंजक त्या काळात द्रवात हजर असेल तर ते आत अडकून पडते. हे ओळखण्यासाठी एका नमुन्यात रंजक सुरुवातीपासून ठेवावे आणि दुसऱ्या नमुन्यात ते शेवटच्या दहा मिनिटांसाठीच घालावे. पहिल्यात लाल पेशी बऱ्याच जास्त आणि दुसऱ्यात थोड्या असतील, तर तुम्ही मृत्यू नव्हे, तात्पुरती गळती मोजत आहात. ज्यांना खरोखर मृत्यूच मोजायचा आहे त्यांनी त्याच नमुन्यातील पेशी आगार प्लेटवर पसरून वसाहती मोजणे टाळू नये.

आधी प्रकाशावर संशय घ्यावा

चित्रण संपले की स्लाइड लगेच काढू नये. स्टेज सरकवून, त्याच स्लाइडवरील पण चित्रणादरम्यान अजिबात प्रकाश न पडलेली चार-पाच क्षेत्रे शोधावीत आणि प्रत्येकाचे एकच चित्र घ्यावे. चित्रण झालेल्या क्षेत्रात पेशी लाल आणि बाकी ठिकाणी फिक्या असतील, तर प्रश्न तिथेच सुटला. फील्ड डायफ्रॅम (प्रकाशाचे वर्तुळ लहान-मोठे करणारी झडप) थोडा मिटून चित्रण केले असेल तर हा पुरावा डोळ्यांना सरळ दिसतो : कमी मोठे करून दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हखाली (भिंगाखाली) लाल पेशींचे एक गोल बेट असते, त्याची कडा धारदार असते, आणि कडेबाहेरच्या पेशी आरामात कलिका (नव्या पेशीचे अंकुर) काढत असतात. औषध, लेप किंवा द्रावक यांपैकी कोणालाही अशी गोल सीमा पाळता येत नाही.

या हानीचे मूळ पेशीतच आहे. फ्लेविन आणि पॉर्फिरिन हे पेशीतील रेणू निळा आणि जांभळा प्रकाश शोषतात आणि त्यातून ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात. यीस्टमध्ये निळ्या प्रकाशाने ताणाला प्रतिसाद देणारे एमएसएन२ हे प्रथिन पेशीकेंद्रात जाते, म्हणजे पेशी लाल होण्याच्या बऱ्याच आधी तिचे वर्तन बदललेले असते. औषधामुळे कोणती जनुके चालू होतात हे पाहणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. माध्यमाचाही यात वाटा असतो. आरपीएमआय १६४० या पोषक माध्यमात रायबोफ्लेविन असते, प्रकाशात ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि बहुतेक वेळा त्यात असलेला फिनॉल रेड हा सूचक रंग पार्श्वभूमीचा उजेडही वाढवतो. चित्रणापुरते फिनॉल रेड नसलेले आणि शक्य असल्यास रायबोफ्लेविन कमी असलेले माध्यम वापरल्यास फरक पडतो.

उपाय करताना एक्सपोजर कमी करणे सर्वांना सुचते. पण दिवा प्रत्यक्षात किती वेळ चालू राहतो हे फार थोडे जण तपासतात. सॉफ्टवेअरमध्ये १०० मिलिसेकंद लिहिलेले असले, तरी कॅमेरा आणि एलईडी एकमेकांना थेट तारेने जोडलेले नसतील, तर फिल्टर फिरण्याचा आणि चित्र साठवण्याचा वेळही पेशी उजेडात काढतात. अंधाऱ्या खोलीत ऑब्जेक्टिव्हच्या टोकाशी पांढरा कागद धरून एक पूर्ण चक्र चालवून पाहावे. दिवा चित्रापेक्षा जास्त वेळ जळत असेल तर ते नुसत्या डोळ्यांना दिसते. कागद धरताना नजर किरणांच्या थेट रेषेत ठेवू नये, आणि लेसर असलेल्या यंत्रावर ही चाचणी करूच नये. ब्राइटफील्डचा दिवाही दोन चित्रांमध्ये विझतो ना, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. त्यानंतर चित्रांमधील अंतर वाढवणे, कॅमेऱ्यात पिक्सेल एकत्र करून कमी उजेडात काम भागवणे आणि ४०५ नॅनोमीटरचा (जांभळ्या प्रकाशाचा) चॅनल शेवटच्या चित्रापुरताच राखून ठेवणे, हे मार्ग आहेत.

अँफोटेरिसिन बी हे बुरशीरोधक औषध वापरणाऱ्यांसाठी या चॅनलमध्ये आणखी एक अडचण आहे. या रेणूत सात दुहेरी बंधांची साखळी असते आणि ती साधारण ३६० ते ४१० नॅनोमीटरच्या पट्ट्यात जोरदार प्रकाश शोषते. पेशीभित्तिका (पटलाबाहेरचे कडक कवच) रंगवण्यासाठी कॅल्कोफ्लुअर व्हाइट घालून दर दोन मिनिटांनी जांभळा प्रकाश मारला, तर एकाच वेळी पेशींना इजा होते आणि औषधही बिघडू शकते. अशा चित्रफितीतून मात्रेविषयी काहीही निष्कर्ष काढता येत नाही.

पहिल्याच चित्रात लाल असेल तर

प्रकाशाची हानी हळूहळू चढते. पहिल्या चित्रातच दहा-वीस टक्के पेशी लाल असतील आणि पुढे तो आकडा फारसा बदलत नसेल, तर इजा स्लाइडवर येण्यापूर्वी किंवा काचेला चिकटताना झालेली आहे. रात्रभर वाढवलेले जुने कल्चर थेट वापरणे, गुठळ्या सोडवण्यासाठी अतिध्वनीचा जोरदार मारा करणे आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वारंवार दाबून धुणे ही नेहमीची कारणे आहेत. त्याच कल्चरचा एक थेंब कोणताही लेप नसलेल्या साध्या स्लाइडवर ठेवून पाहावा. तिथेही पेशी लाल असतील तर कल्चर दोषी. तिथे त्या स्वच्छ असतील तर लेप दोषी.

लेपांमध्ये पॉलिलायसिनकडे सर्वांत आधी पाहावे. त्याचा धनभारित रेणू ऋणभारित पेशीपृष्ठाला चिकटतो, म्हणून तर तो वापरला जातो, पण नेमक्या याच गुणामुळे तो पेशीपटलालाही त्रास देतो. याच कुळातील एप्सिलॉन-पॉलिलायसिन खाद्यपदार्थांत सूक्ष्मजीवरोधक परिरक्षक म्हणून घातले जाते. बुरशीरोधक औषधाच्या प्रयोगात पेशी अशा लेपावर बसवणे मला पटत नाही. कॉन्कॅनाव्हॅलिन ए हा पर्याय बरा आहे, कारण ते भित्तिकेतील मॅनन ही शर्करा पकडते. मात्र त्याला कॅल्शियम आणि मँगनीज लागतात, आणि बफरमध्ये ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारे रसायन) असेल तर पकड सुटून पेशी चित्रणाच्या मध्येच वाहू लागतात.

अगारोजच्या पातळ गादीवर पेशी ठेवणारे या लेपाच्या प्रश्नातून सुटतात, पण सुकण्याच्या प्रश्नात सापडतात. गादी कडेकडून सुकते, तिथे क्षार दाट होतात, आणि लाल पेशी कव्हरस्लिपच्या कडेला जास्त व मध्यभागी कमी अशी उतरंड दिसते. ती थांबवण्यासाठी कडा नेलपॉलिशने बंद करण्याची जुनी सवय जिवंत पेशींच्या बाबतीत घातक आहे. त्यातील द्रावके आत झिरपतात आणि पुन्हा कडेच्याच पेशी मरतात, त्यामुळे निदान आणखी अवघड होते. व्हॅसलिन, लॅनोलिन आणि पॅराफिन सारख्या प्रमाणात वितळवून केलेले मिश्रण वापरावे.

द्रावक आणि रंजक

अँफोटेरिसिन बी आणि इट्राकोनाझोल ही औषधे बहुधा डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात. अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ नये आणि कंट्रोलमध्येही तितकेच डीएमएसओ असावे, हे सर्वांना माहीत असते. प्रत्यक्षात चूक होते ती घालण्याच्या पद्धतीत. डीएमएसओ पाण्यापेक्षा जड असते. चेंबरमध्ये भरलेल्या माध्यमात त्याचा अर्धा मायक्रोलिटर थेट सोडला तर तो थेंब तळाशी बसतो, आणि तळाशीच पेशी चिकटलेल्या असतात. सरासरी प्रमाण कागदावर अर्धा टक्का असले तरी त्या पेशी काही क्षण कितीतरी दाट द्रावकात आणि कितीतरी दाट औषधात बुडतात. औषध आधी माध्यमात दुप्पट तीव्रतेने मिसळून घ्यावे, आणि चेंबरमध्ये जितके माध्यम आहे तितकेच हे मिश्रण हळूहळू घालावे.

कॅल्कोफ्लुअर व्हाइट भित्तिकेतील कायटिनला चिकटते आणि जास्त प्रमाणात भित्तिकेची बांधणीच बिघडवते. भित्तिका कमकुवत असलेले उत्परिवर्ती शोधण्यासाठी ते मुद्दाम विष म्हणून वापरले जाते. कॅस्पोफंजिन हे औषध भित्तिकेतील बीटा-१,३-ग्लुकान तयार करणारे विकर रोखते. म्हणजे कॅस्पोफंजिनच्या प्रयोगात कॅल्कोफ्लुअर सुरुवातीपासून ठेवल्यास भित्तिकेवर एकाच वेळी दोन हल्ले होतात. ते शेवटी, चित्रणाच्या अंतिम टप्प्यातच घालावे. फिलिपिन या स्टेरॉल दाखवणाऱ्या रंजकाची गोष्ट याहून स्पष्ट आहे : ते स्वतःच अँफोटेरिसिन बीप्रमाणे पॉलीन कुळातील आहे, स्टेरॉलला चिकटून पटल बिघडवते आणि काही सेकंदांत विझते, म्हणून ते स्थिरीकरण केलेल्या पेशींवरच चालते. अँफोटेरिसिन बी दिलेल्या नमुन्यात तर दोघेही त्याच एर्गोस्टेरॉलसाठी (बुरशीच्या पटलातील स्टेरॉलसाठी) स्पर्धा करतात, त्यामुळे फिलिपिनचा उजेड कमी झाला म्हणजे एर्गोस्टेरॉल कमी झाले असे म्हणता येत नाही.

हे सर्व एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी एकाच दिवशी, एकाच कल्चरमधून पुढील नमुने बसवावेत : प्रकाश, लेप, द्रावक आणि रंजक हे सर्व असलेला पण औषध नसलेला एक, आणि त्यातून प्रत्येक वेळी एकच गोष्ट काढून घेतलेले बाकीचे. रंजक काढलेल्या नमुन्यात ते अर्थातच शेवटी घालावे लागते. ज्या नमुन्यात लाल रंग एकदम घटतो, त्यात वगळलेली गोष्ट दोषी. एकाच वेळी दोन बदल करून ‘सुधारणा झाली’ असे म्हणणे हा या कामातील सर्वांत खर्चिक शॉर्टकट आहे, कारण दोनांपैकी कशामुळे फरक पडला हे पुढच्या महिन्यात पुन्हा शोधावे लागते.

उलट तक्रार : औषध दिले तरी काहीच होत नाही

कंट्रोल स्वच्छ झाला की अनेकदा लगेच ही दुसरी तक्रार येते, आणि बहुतेक वेळा तिचे कारण अपेक्षेतच असते. फ्लुकोनाझोल एर्गोस्टेरॉल बनवण्यासाठी लागणारे लॅनोस्टेरॉल १४-अल्फा-डिमेथिलेज हे विकर अडवते. पटलात आधीपासून असलेले एर्गोस्टेरॉल त्यामुळे नाहीसे होत नाही; ते पेशी विभागत जाईल तसे विरळ होत जाते. शिवाय कॅन्डिडावर हे औषध मुख्यतः वाढ रोखते, मारत नाही. तासाभरात लाल पेशी शोधणाऱ्याला इथे काही मिळणार नाही. कित्येक तास चित्रण करून वाढीचा वेग आणि आकार पाहिला, तर मात्र औषधाचे काम स्पष्ट दिसते : मातृपेशी, तिची कलिका आणि त्या कलिकेचीही कलिका एकमेकींपासून सुटत नाहीत आणि तीन गोलांची एक जोडपेशी तयार होते. यातून पुढे गुणसूत्रांची संख्या बिघडलेल्या पेशी निपजतात, म्हणून या आकाराकडे केवळ विद्रूपता म्हणून पाहू नये. अँफोटेरिसिन बी मात्र पुरेशा मात्रेत काही मिनिटांपासूनच लाल रंग दाखवू लागते. कॅस्पोफंजिनमध्ये फुटण्याची जागा महत्त्वाची असते, कारण जिथे नवी भित्तिका घडते तिथे ती फाटते. ॲस्परजिलस फ्युमिगेटसच्या तंतूंमध्ये टोके फुटतात आणि मागचे कप्पे जिवंत राहतात. सगळ्या चित्राची सरासरी काढणारा हा फरक गमावतो.

अपेक्षा बरोबर असूनही परिणाम दिसत नसेल, तर मात्रेचा हिशेब पाहावा. एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, ठरवताना सीएलएसआय या अमेरिकी प्रमाणक संस्थेच्या पद्धतीत यीस्टसाठी प्रति मिलिलिटर ५०० ते २,५०० पेशी घेतात. युकास्ट या युरोपीय समितीच्या पद्धतीत ५० हजार ते २.५ लाख. सूक्ष्मदर्शकाखाली क्षेत्र भरलेले दिसावे म्हणून आपण सहज एक कोटीपर्यंत जातो. तीच मात्रा इतक्या पेशींमध्ये वाटली गेली की प्रत्येकीच्या वाट्याला फार थोडे औषध येते. माध्यम आणि पीएच बदलले असतील तर एमआयसीचा आकडा आणखीच परका ठरतो, कारण तो ७.० पीएचच्या आरपीएमआयमध्ये, ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास मोजलेला असतो. पेशी कमी कराव्यात किंवा स्वतःच्या चेंबरमधील परिस्थितीत मात्रा नव्याने ठरवावी.

काही औषध वाटेतच हरवते. इट्राकोनाझोल, पोसाकोनाझोल यांसारखे चरबीत विरघळणारे रेणू प्लास्टिकच्या नळ्यांना चिकटतात, आणि सूक्ष्मप्रवाही चिपचे सिलिकोन त्यांना शोषून घेते. खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे चेंबरमधून बाहेर पडणारा द्रव गोळा करून त्यात औषधाला संवेदनशील असलेला स्ट्रेन वाढवून पाहणे. तो मजेत वाढला तर औषध पेशींपर्यंत पोहोचलेच नव्हते.

उजेड कमी झाला म्हणजे काय घडले

रंजक किंवा प्रथिन मंद झाले की ते औषधाच्या परिणामामुळेच, असे समजण्याचा मोह होतो. ॲझोलना (फ्लुकोनाझोलच्या कुळातील औषधांना) न जुमानणाऱ्या कॅन्डिडामध्ये सीडीआर१ हा पंप बऱ्याचदा जोरात चालतो, आणि तोच पंप रोडामिन ६जी व नाइल रेड हे रंजकही बाहेर फेकतो. अशा स्ट्रेनमध्ये मंद उजेड पंपाची कहाणी सांगतो, औषधाच्या लक्ष्याची नव्हे. पंपाचे जनुक काढलेला स्ट्रेन शेजारी ठेवला तरच दोन्ही वेगळे करता येतात. हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचे, म्हणजे जीएफपीचे, दुखणे वेगळे आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकाराचा उजेड पीएच ६ च्या आसपास निम्म्यावर येतो. औषधाने पटल गळके करून पेशी आम्लधर्मी झाली की प्रथिन जागेवर असूनही मंदावते. एमचेरी हे लाल प्रथिन आम्लात बरेच टिकते, म्हणून त्याच प्रथिनाला ते जोडून पडताळणी करावी. भित्तिकेच्या जाडीविषयी दावे करणाऱ्यांना एवढेच सांगायचे की १.४ न्यूमेरिकल ॲपर्चरच्या (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेच्या) ऑब्जेक्टिव्हने ४४० नॅनोमीटरच्या उजेडात सुमारे १९० नॅनोमीटरपेक्षा जवळचे बिंदू वेगळे दिसत नाहीत, आणि यीस्टची भित्तिका साधारण तेवढीच जाड असते. कॅल्कोफ्लुअरची कडा उजळली म्हणजे कायटिन वाढले असेल. जाडी मोजायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

मोजणीत निसटणाऱ्या पेशी

सर्व दुरुस्त्या केल्यावरही कॅस्पोफंजिनचे आकडे विचित्र येतात, विशेषतः चौथ्या-पाचव्या तासाला लाल पेशींचे प्रमाण चढण्याऐवजी उतरते, तेव्हा औषध थकले असे समजण्याआधी चित्रे मोठी करून पाहावीत. फुटलेल्या पेशीतून आतला ऐवज बाहेर गळतो, त्यासोबत रंजकाला धरून ठेवणारा डीएनए आणि आरएनएही जातो, आणि मागे राहते ती करड्या रंगाची, जेमतेम दिसणारी रिकामी टरफलासारखी आकृती. पेशींच्या कडा ओळखणारे सॉफ्टवेअर तिला पेशीच मानत नाही. प्रवाह चालू असेल तर ती सुटून वाहूनही जाते. परिणामी मेलेल्या पेशी अंश आणि छेद अशा दोन्ही ठिकाणांहून गायब होतात आणि वाचलेल्यांचे प्रमाण वाढल्याचा भास होतो. यावर उपाय असा की छेद पहिल्या चित्रातील पेशींचाच धरावा, प्रत्येक पेशीला क्रमांक देऊन तिचा शेवटपर्यंत माग ठेवावा, आणि लाल झाली, फुटली, निसटली, विभागली अशा नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. फ्लुकोनाझोलच्या नमुन्यात तीन गोलांची जोडपेशी एक धरायची की तीन, हेही औषधाची चित्रे उघडण्याआधी, केवळ कंट्रोलकडे पाहून ठरवावे आणि लिहून ठेवावे. कोणत्याही निरोगी कल्चरमध्ये थोड्या पेशी लाल असतातच. कंट्रोलमध्ये किती टक्क्यांपर्यंत लाल पेशी चालतील आणि त्याच्या वर गेल्यास त्या दिवसाचा संपूर्ण प्रयोग बाद करायचा, ही मर्यादाही त्याच कागदावर लिहावी.